मदत हवी आहे: चौथी-पाचवीच्या मुलांना सेन्सर आणि मोटार यांचं नातं कसं शिकवावं?

कोरडवाहू:

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवी एकत्र शिकवतो. अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली शाळेतली प्रयोगशाळा) सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी असते, त्यामुळे ती आमच्या वाट्याला नाही. गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने मायक्रोबिटचे, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डचे, काही संच दिले आहेत. त्यात चाकांची छोटी गाडी, अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, वायरी आणि क्लिपा आहेत. लॅपटॉप दोनच.

ब्लॉक जोडून प्रोग्राम करणं मुलांनी फार पटकन उचललं. अडचण त्यापुढे आहे. त्यांचा प्रत्येक प्रोग्राम सेकंदांवर चालतो: 3 सेकंद पुढे, 1 सेकंद उजवीकडे. सेल उतरले की तीच गाडी भिंतीच्या बरीच अलीकडे थांबते, नवे घातले की भिंतीवर आदळते. मुलं लगेच सेकंद बदलतात, पुन्हा चालवून बघतात, पुन्हा बदलतात. त्यात ती रमतात, म्हणून मी मध्ये पडत नाही. पण "भिंत 10 सेंटिमीटरवर आली की थांब" हे त्यांना आपणहून सुचत नाही. मी सांगितलं की तेवढ्यापुरते ब्लॉक लावतात, गाडी थांबते, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी नवं काम दिलं की परत सेकंद.

यंत्र आजूबाजूचं काहीतरी मोजतं आणि त्यावरून पुढचं ठरवतं, ही गोष्ट मला मुलांपर्यंत पोहोचवायची आहे. गाडी पळाली एवढ्यावर मला समाधान नाही. यातल्या बहुतेकांच्या घरी विहिरीवर मोटार आहे, उद्या ठिबकही येईल. ती कशी चालते हे त्यांना आतून कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. भिंतीसमोर सेन्सर बरोबर आकडा देतो, कापडी दप्तरासमोर काहीच्या काही. मुलं म्हणतात, बिघडला. त्यांना काय सांगावं?

पॅनेलवाला:

सर, चाकणला कंट्रोल पॅनेलचं काम करतो, त्यावरून सांगतो. गाडी थोडे दिवस कपाटात ठेवा आणि मुलांना विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधल्या 'ऑटो'बद्दल, म्हणजे मोटार आपोआप चालू करणाऱ्या भागाबद्दल, विचारा. ऑटो काय बघतो? लाइट आली का, एवढंच. विहिरीत पाणी आहे का हे तो बघतच नाही. म्हणून रात्री लाइट आली आणि पाणी तळाला गेलेलं असलं तर मोटार कोरडी चालते आणि जळते. मग ऑटोने आणखी काय बघायला हवं होतं, हे मुलांनाच सांगू द्या. सेकंद सोडून मोजण्याकडे ती इथे वळतील, कारण हे नुकसान त्यांनी घरी पाहिलेलं असतं.

मग वर्गात बादली ठेवून खेळ घ्या. एक मूल सेन्सर, एक नियम वाचणारा, एक मोटार. मोटारीने डोळे मिटून मगाने पाणी ओतायचं. सेन्सरने बादलीत उभ्या पट्टीवरचा फक्त आकडा बोलायचा. "भरली" म्हणायचं नाही! भरली हा निर्णय झाला आणि तो नियमवाल्याचा. हे भान सुटू देऊ नका, सगळी शिकवण त्यातच आहे.

नियम एकाच आकड्यावर ठेवला, 20 च्या खाली चालू आणि 20 ला बंद, तर पाणी हललं की मोटार चालू-बंद-चालू-बंद होत राहते. मुलं वैतागतील, वैतागू द्या. 15 ला चालू, 20 ला बंद असे दोन आकडे हवेत, हे चौथीतलं मूलसुद्धा शोधून काढतं.

सावलीतली_शाई:

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरच्या प्राथमिक शाळेत शिकवते. इथल्या 2014 पासूनच्या अभ्यासक्रमात 7 ते 11 वयाच्या मुलांनी प्रत्यक्ष वस्तू नियंत्रित करणारे प्रोग्राम लिहिणं अपेक्षित आहे. माझा अनुभव असा की आधी नुसती नोंद घ्यावी, नियंत्रण नंतर. मोटार जोडूच नका. मायक्रोबिट खिडकीत ठेवा आणि दिवसभर तापमान नोंदवू द्या. आकडे अंशांत आणि दशांशाशिवाय येतात, चौथीला झेपतात. तुमच्या संचावरचा सोनेरी लोगो स्पर्शाला प्रतिसाद देत असेल तर ती दुसरी आवृत्ती आहे. तिच्यात नोंदी बोर्डवरच साठतात, म्हणजे दिवसभर लॅपटॉप अडकून पडत नाही. आलेख बघायच्या आधी मुलांना तो अंदाजाने काढायला लावा. मधली सुट्टी झाल्यावर रेघ वर जाईल की खाली, यावर छान भांडतात.

हे तापमान बोर्डवरच्या चिपचं असतं, हवेपेक्षा थोडं जास्त. शेजारी साधा थर्मामीटर ठेवा. सेन्सरवर कितपत विश्वास ठेवायचा हा प्रश्न मग आपोआप येतो, आणि दप्तराचं उत्तरही तिथेच मिळतं. हा सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. कापड आवाज शोषतं, तिरकी पाटी तो भलतीकडे पाठवते. बिघडला असं म्हणू देऊ नका. कोणत्या वस्तू त्याला दिसत नाहीत, याची यादी मुलांकडून करून घ्या.

कोरडवाहू:

दोघांचे मनापासून आभार. बादलीचा खेळ आणि तापमान दोन्ही घेतो. त्यानंतर परसबागेतल्या मिरचीच्या कुंडीत दोन खिळे रोवून ओल मोजावी आणि छोटा पंप चालवावा असा विचार आहे. जमेल का?

पॅनेलवाला:

जमेल. आकडा 0 ते 1023 मध्ये येतो, ओल वाढली की तोही वाढतो. कोरड्या आणि भिजलेल्या मातीचा आकडा मुलांनी आधी वहीत लिहायचा आणि पंप कधी सुरू करायचा ते त्या दोहोंमधून ठरवायचं. खिळ्यांतून सतत वीज सोडली तर ते लवकर खराब होतात. म्हणून एक खिळा बोर्डच्या कडेवरच्या 3 व्होल्टच्या पट्टीला न जोडता पिन 1 च्या पट्टीला जोडा, दुसरा पिन 0 ला. मोजण्यापुरती पिन 1 चालू, मोजून झालं की बंद.

पंप थेट पिनवर लावू नका, बोर्ड जाईल. मध्ये मोटार ड्रायव्हर किंवा रिले मॉड्यूल हवं, म्हणजे बोर्डच्या इशाऱ्यावर पंपाची वीज चालू-बंद करणारा भाग. गाडीत ड्रायव्हर असतोच, तोच वापरा. पंपाला सेल वेगळे द्या, आणि ड्रायव्हर वापरताना सेलची ग्राउंड (वजा टोकाची) वायर बोर्डच्या ग्राउंडला (GND) जोडा, नाहीतर प्रोग्राम बरोबर असूनही पंप हलणार नाही.