संरक्षित वास्तूजवळ खाली दुकाने, वर घरे: परवानगीची सुरुवात कोठून करावी?

शहापूरकर: नमस्कार. बेळगावच्या जुन्या भागात आम्हा भावंडांची सामाईक जागा आहे. तळमजल्यावर दुकाने व वरती भाड्याने देण्याजोगी घरे बांधण्याचा विचार आहे. जवळच केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू असून तिच्या भिंतीपासून आमची हद्द सुमारे १३० मीटर भरते. शंभर मीटरच्या बाहेर असल्याने महापालिकेची परवानगी पुरेशी आहे, असे बिल्डर सांगतात. ते खरे मानावे काय?

खानापूरचा वास्तुविशारद: कृपया मानू नका. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. नियंत्रित क्षेत्रातही सक्षम प्राधिकाऱ्याच्या (अशी परवानगी देण्यासाठी या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) पूर्वपरवानगीशिवाय बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे अंतर वास्तूच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजले जाते. वास्तूभोवतीचे आवारही संरक्षित असेल, तर आपले १३० मीटर शंभराच्या आत येऊ शकतात, आणि तेथे नव्या इमारतीला परवानगीच मिळत नाही. म्हणून नकाशावर खर्च करण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळ कार्यालयाकडून ती हद्द समजून घ्या व सिटी सर्व्हेच्या नकाशावर मोजणी करून घ्या.

हा नियम जाचक वाटतो, परंतु मला तो मनापासून पटतो. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचे आहे. अशा वास्तूशेजारी तळघराची खोदाई चालू देणे मला तरी मान्य होणार नाही.

निपाणीकर: वरील उत्तराशी सहमत आहे. अर्जात इमारतीची उंची लिहिताना कठडा, जिन्यावरील खोली व पाण्याची टाकी धरूनच लिहावी, कारण परवानगी त्या एकूण उंचीलाच मिळते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. त्यांनी तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवावा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत अभिप्राय द्यावा आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय कळवावा, अशी कायद्यातील मुदत आहे. दुकानांचा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे: शहराच्या बृहत् आराखड्यात (मास्टर प्लॅनमध्ये) जागा निवासी विभागात असेल, तर किती व्यापारी वापर चालतो हे बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) कार्यालयात आधीच विचारावे. भूवापर बदलावा लागल्यास ते काम वेगळे आणि वेळखाऊ असते.

शहापूरकर: आभारी आहे. मोजणीत जागा शंभर मीटरच्या आत निघाली, तर तेथील आजोबांच्या वेळच्या घराचे काय करता येईल?

खानापूरचा वास्तुविशारद: ते घर १६ जून १९९२ पूर्वीचे असल्यास दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो, पाडून नव्याने बांधता येत नाही. त्या तारखेआधीचा घरपट्टीचा उतारा आत्ताच शोधून ठेवावा.