बाळाला अँटिऑक्सिडंट थेंब द्यावेत का?

प्रश्न
मुलगी 5 महिन्यांची. ब्रॉन्किओलायटिसमुळे (फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना सूज) तीन रात्री ऑक्सिजनवर होती, काल घरी आलो. दूध ओढता ओढता दमायची, नाकपुड्या फुलायच्या, बरगड्यांखाली खड्डा पडायचा. अजून डोळ्यांसमोरून जात नाही. अशा आजारात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या जहाल रूपांचा पेशींवरचा ताण) वाढतो आणि तो आवरणारी एन्झाइम्स कमी पडतात, असं वाचलं. व्हिटॅमिन सी-ईचे थेंब आणून ठेवलेत. सुरू करू का?

उत्तर 1
ताई, मी लॅबमध्ये हीच एन्झाइम्स मोजते. वाचलंत ते खरं आहे, पण त्यावरून थेंब सुरू करू नका. संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक जहाल रूप, सोडतात. ते त्यांचं हत्यारच. ज्या मुलांत ते जन्मतः तयार होत नाही, त्यांना जिवाणू आणि बुरशी सतत छळतात. पण त्याची झळ श्वासनलिकेच्या नाजूक अस्तरालाही बसते. म्हणून एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज) हे एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स त्याचं पाणी करून टाकतात. ब्रॉन्किओलायटिस बहुतेकदा ज्यामुळे होतो तो आरएसव्ही विषाणू या एन्झाइम्सचा पुरवठा चालू ठेवणारं एनआरएफ2 हे प्रथिनच पेशीत घटवतो. ती तूट सी-ईचे थेंब भरून काढत नाहीत.

रक्तात मोजलेल्या या एन्झाइम्सच्या आकड्यावरही लगेच विसंबू नये. एवढ्याशा बाळाची शीर सापडत नाही, रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटतात, प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) गुलाबी दिसतो. त्या पेशी कॅटलेजनं भरलेल्या असतात, त्यामुळे आकडा खोटाच चढतो. असं सॅम्पल मी बाद करते. पुन्हा टोचा म्हणून सांगताना मात्र पोटात कालवतं.

उत्तर 2
माझा मुलगा आठव्या महिन्यात झाला. ही एन्झाइम्स गर्भात शेवटच्या आठवड्यांत वाढतात, म्हणून त्याची धास्ती जास्तच होती. तरी डॉक्टरांनी थेंब दिले नाहीत. नाकात सलाइन, थोडं थोडं पण वरचेवर दूध, आणि जवळ कुणी धूम्रपान करायचं नाही, एवढंच. शांत झोपेत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा जास्त भरले, दूध सुटलं किंवा ओठ निळसर दिसले तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ती
आत्ता मोजले, 42. खड्डा पडत नाहीये. थेंब उघडले नाहीत, परत करते. दूध निम्मंच प्यायली, तासाभरानं पुन्हा पाजते.