टेक्सासची प्रायमरी: कन्झर्व्हेटिव्ह ग्रुप्सच्या एन्डॉर्समेंटवर (उमेदवाराच्या शिफारशीवर) विसंबावं का?

डलासकर
मंडळी, टेक्सासमधले आपले बरेच लोक आता सिटिझन झालेत, नोव्हेंबरला आवर्जून मत द्यायला जातात, पण मार्चच्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला, फिरकत नाहीत आणि मग म्हणतात चांगला माणूसच उभा नव्हता. अहो चांगला माणूस मार्चमध्येच पडलेला असतो! स्टेट हाउसच्या (राज्याच्या विधानसभेच्या) १५० जागांपैकी बहुतेक या नाहीतर त्या पक्षाच्या हक्काच्या, रिपब्लिकनांच्या जागी रिपब्लिकन प्रायमरी जिंकली की माणूस आमदार झाल्यातच जमा. तिकीट हायकमांड देत नाही, मतदार देतात, आणि २०२४ ला जवळपास १ कोटी ८० लाख नोंदलेल्या मतदारांपैकी रिपब्लिकन प्रायमरीत मत दिलं सुमारे २३ लाखांनी. म्हणून थोडे पण जागे असलेले लोक फार मोठा फरक पाडतात.

हे जागे लोक म्हणजे गावोगावचे छोटे कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांचे, ग्रुप. रिटायर्ड मंडळी, होमस्कूल करणाऱ्या आया, चर्चवाले, बंदुकीच्या हक्कावाले. मी एका ग्रुपच्या मुलाखती बघायला गेलो होतो, रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत. उमेदवाराकडून आधीच प्रश्नावली भरून घेतलेली, हो किंवा नाही, खाली सही. इथे मतदार नोंदणीत पक्ष लिहावा लागत नाही, कोणीही कुठल्याही एका प्रायमरीत मत देऊ शकतो, पण कुठल्या प्रायमरीत दिलं त्याची नोंद राहते, ती टेबलावर काढून ठेवलेली. स्वतःला जन्मापासून कन्झर्व्हेटिव्ह म्हणवणाऱ्या एकाला एका बाईंनी शांतपणे विचारलं, मग गेल्या वेळी तुम्ही डेमोक्रॅटिक प्रायमरीत कसे काय? तो म्हणाला, लोकल जज ओळखीचे होते म्हणून. त्यावर पुढचा प्रश्न डोनर्सचा, देणग्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या एथिक्स कमिशनच्या साइटवरून उतरवलेली यादीच समोर. आमदारकीच्या निवडणुकीत इथे देणगीला वरची मर्यादाच नाही, एकच माणूस लाखो डॉलर देऊ शकतो, त्यामुळे पैसा कुठून आला हे तोंडावर विचारणारं कोणीतरी पाहिजेच. माझं स्पष्ट मत आहे की टीव्हीवरच्या जाहिरातींपेक्षा या लोकांची शिफारस शंभर पटीने भरवशाची, फक्त त्यांनी उत्तरं जशीच्या तशी छापावीत.

गार्गी_ह्यूस्टन
अजिबात पटलं नाही. स्टेट हाउसच्या एका मतदारसंघात जवळपास दोन लाख लोक राहतात आणि एका खोलीतले मूठभर लोक ठरवणार खरा कन्झर्व्हेटिव्ह कोण! आणि हो/नाही प्रश्नावली म्हणजे माणूस निवडून यायच्या आधीच त्याचे हात बांधायचे. व्हाउचरचं, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैशाचं, उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३ ला खासगी शाळांना सरकारी पैसा द्यायची योजना बिलातून काढून टाकायचा ठराव स्टेट हाउसमध्ये ८४ विरुद्ध ६३ असा पास झाला, त्यात २१ रिपब्लिकन होते. बरेचसे ग्रामीण भागातले. तिकडे खासगी शाळा नावालाच, आणि गावातली सगळ्यात मोठी नोकरी देणारी संस्था बहुतेकदा सरकारी शाळाच. ते आपल्या मतदारांचंच ऐकत होते ना? तरी त्यांना कच्चे कन्झर्व्हेटिव्ह ठरवलं आणि २०२४ च्या प्रायमरीत त्यातले बरेच घरी गेले. ग्रुप आमदारांच्या मतांना मार्क देतात त्या स्कोअरकार्डवर मार्क दिसतात, त्या गावाची गरज कुठे दिसते?

साधा_मतदार
गार्गीताई, थांबा, त्या लोकांना ग्रासरूट्सने, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी, पाडलं नाही. गव्हर्नर अ‍ॅबट स्वतः त्यांच्याविरुद्ध उतरले होते, अ‍ॅबटना पेन्सिल्व्हेनियाचे अब्जाधीश, व्हाउचरचे पाठीराखे जेफ यास यांच्याकडून ६० लाख डॉलरहून जास्त एका झटक्यात मिळाले होते. आणि जाहिराती कशावर होत्या? मेक्सिकोच्या बॉर्डरवर! शाळांचं भांडण आणि मतदाराला सांगायचं की हा माणूस बॉर्डरवर ढिला आहे. उलट माझ्या माहितीतले होमस्कूलवाले व्हाउचरच्या विरोधात होते, कारण सरकारचा पैसा आला की मागोमाग सरकारचे नियमही घरात येणार. खोलीत बसून प्रश्न विचारणाऱ्यांना हा फरक कळत होता, पोस्टाने आलेलं चकचकीत कार्ड वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता.

गार्गी_ह्यूस्टन
मग त्या होमस्कूलवाल्यांनी त्या आमदारांना वाचवलं का? नाही ना? मोठा पैसा आला की छोट्या ग्रुपचा आवाज ऐकू येत नाही, आणि बाकीच्या वेळी हेच ग्रुप त्या पैशाला गावपातळीवरची मान्यता मिळवून देतात, माझी खरी तक्रार ही आहे.

निशा_केटी
दोघेही आमदारांवर अडकलात, मला जजांचं बोलायचंय. इथे जजही पक्षाच्या नावावर निवडून येतात. आमच्या हॅरिस काउंटीची मतपत्रिका इतकी लांब असते की जजांची नावं संपता संपत नाहीत, सिव्हिल, क्रिमिनल, फॅमिली, प्रोबेट (मृत्युपत्र-वारसाचं), आणि बहुतेकांबद्दल आपल्याला शून्य माहिती. मतदानाच्या जागेपासून १०० फुटांच्या आत मोबाइल वापरायला बंदी, म्हणजे आत उभं राहून गूगल करता येत नाही, पण कागद नेता येतो. त्यामुळे शिफारशींची छापील यादी हातात घेऊन आत जाणारे खूप. ज्याची यादी आत जाते त्याचे जज येतात, इतकं सरळ आहे. आणि यातल्या काही पत्रकांत ज्या उमेदवाराची शिफारस त्याचीच पैसे भरून केलेली जाहिरात असते. आधी जाहिरात की आधी शिफारस हे मतदाराला कसं कळणार? बरं जजच्या उमेदवाराला अमुक केसमध्ये अमुक निकाल देईन असं वचन देताच येत नाही, आचारसंहितेत बसत नाही, मग प्रश्नावलीत त्याला विचारणार काय? तिथे अनुभव, वकिलांचं मत, किती केसेस तुंबल्यात हे बघायला हवं आणि ते काम कोणी करत नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण घटस्फोट, मुलांचा ताबा, घर खाली करायच्या नोटिसा, आपलं रोजचं आयुष्य याच कोर्टांत ठरतं.

ब्यूमाँटवाला
एन्डॉर्समेंट म्हणजे शिक्कामोर्तब असं समजू नका. आमच्याकडचे आमदार, तेव्हाचे स्टेट हाउसचे स्पीकर डेड फेलन यांचंच बघा. मे २०२३ मध्ये त्यांच्या हाउसने अ‍ॅटर्नी जनरल पॅक्स्टनवर १२१ विरुद्ध २३ मतांनी महाभियोग लावला, पुढे सिनेटने पॅक्स्टनना सोडलं, आणि मग २०२४ ला राज्यभरचे कन्झर्व्हेटिव्ह ग्रुप, पॅक्स्टन, खुद्द ट्रम्प, सगळे प्रायमरीत फेलनविरुद्ध उभ्या डेव्हिड कोव्हींच्या मागे. मार्चमध्ये फेलन मागे पडले, पण मेच्या रनऑफमध्ये (पहिल्या दोघांच्या फेरमतदानात) ४०० पेक्षा कमी मतांनी का होईना जिंकले. त्यांच्या बाजूनेही पैसा प्रचंड होता हे मान्य, पण इथल्या लोकांना ते आणि त्यांचं घराणं माहीत होतं. तरी दबाव संपला नाही, डिसेंबरात त्यांनी स्पीकरपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. म्हणजे जागा गेली नाही पण खुर्ची गेली. माझं म्हणणं, मतदारसंघाबाहेरच्या ग्रुपने शिफारस करूच नये. टायलर शहराच्या लोकांनी टायलरचं बघावं.

डलासकर
ब्यूमाँटवाले, स्पीकर सगळ्या राज्याचा अजेंडा ठरवतो, तिथे बाहेरच्यांनी गप्प बसावं हे मान्य नाही. पण निशाताईंचा मुद्दा लाख मोलाचा. ज्या यादीत जाहिरातीचे पैसे घेतलेत तिने प्रत्येक नावापुढे आकडा छापावा, नाहीतर मी तरी तो कागद खिशात ठेवणार नाही. आणि एकमत नसेल तर शिफारस न करायची हिंमत पाहिजे. कॅलिफोर्निया रिपब्लिकन असेंब्ली ही १९३४ पासूनची कार्यकर्त्यांची संघटना, तिथे शिफारशीला दोन-तृतीयांश मतं लागतात. आमच्याकडे काही ठिकाणी चार टाळकी बोर्डावर बसून ठरवतात आणि वर ग्रासरूट्स असं नाव लावतात, ते थांबायला हवं.

गार्गी_ह्यूस्टन
आकडे छापा, दोन-तृतीयांश लावा, चांगलंच आहे. पण प्रश्न कोण लिहितं? मी पाहिलेल्या प्रश्नावल्यांत गर्भपात, बंदूक, बॉर्डर, डेमोक्रॅटना कमिटीचं चेअरमनपद द्यायचं की नाही, एवढंच. ग्रामीण हॉस्पिटलं बंद पडतायत त्यावर एक ओळ नाही. पाण्यावर नाही. जो उमेदवार यावर अभ्यास करून आलाय त्याला मार्क कुठे मिळणार?

साधा_मतदार
प्रॉपर्टी टॅक्स विसरलात, तो प्रत्येक प्रश्नावलीत असतो आणि फ्रिस्कोपासून शुगरलँडपर्यंत आपल्या प्रत्येकाच्या घराला लागतो. बाकी प्रश्न घालायचे तर त्या खोलीत जाऊन बसावं लागेल. दार उघडं असतं, पण आपली माणसं तिथे मला अजून तरी दिसलेली नाहीत.

गार्गी_ह्यूस्टन
दार उघडं असेल, पण आत गेल्यावर पहिला प्रश्न तुम्ही कुठल्या चर्चचे हा येत असेल तर किती जण दुसऱ्यांदा जातील? याचं उत्तर डलासकरांनी द्यावं, ते जाऊन आलेत.

डलासकर
मला विचारला होता. मी म्हणालो देवळात जातो. त्यांनी मान हलवली आणि माझं नाव सह्यांच्या कागदावर लिहून घेतलं. सगळीकडे असंच होईल अशी हमी मी देणार नाही, पण मी पुढच्या मुलाखतींना जाणार आहे आणि हॉस्पिटलांचा प्रश्न लेखी देणार आहे.