लेकीचा नाच बंद केला म्हणे!

एडिसनकर: परवा इथे एका ताईंनी लिहिलं की सतरा वर्षांच्या लेकीला शाळेच्या हिप-हॉप टीममधून काढलं, कारण टीममधल्या एका मुलाशी तिचं जुळलं. 'नाचातलं प्रेम, नाच सुटला की सुटतं' वगैरे. मुलगा कृष्णवर्णीय आहे हे मात्र अगदी शेवटी, जाता जाता. ताई, खरं कारण तेच ना? एखादा जोश्यांचा मुलगा असता तर गणपतीला जेवायला बोलावला असतात!
बाल्टिमोरच्या टीव्हीवर 'बडी डीन शो' लागायचा. गोरी पोरं रोज नाचायची, काळ्यांना महिन्यातून एखादा दिवस. १९६३ च्या ऑगस्टमध्ये पोरं सरळ एकत्र नाचली. १९६४ च्या जानेवारीत कार्यक्रमच गुंडाळला, पण एकत्र नाचू द्यायला तयार झाले नाहीत. तुम्ही घरात वेगळं काय केलंत?

सडेतोड_सुमन: ती पोस्ट माझीच. इतिहासाचा तास नको. रात्री दहापर्यंत प्रॅक्टिस, केमिस्ट्रीत सी, फोनवर कुजबुज. तुमची मुलगी असती म्हणजे कळलं असतं.

एडिसनकर: केमिस्ट्रीत सी आला तर ट्यूटर लावतात. टीम कशाला सोडायला लावता?

तबलजी: या निमित्ताने बोलतोच. हिप-हॉप जन्मलं १९७३ ला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या काळ्या पोरांच्या पार्टीत. आपल्या मंडळाच्या गणपतीत त्याच स्टेप्सना पहिल्या रांगेतून शिट्ट्या पडतात. नाच हवा, नाचणारा नको. आणि लावणीला? दहा मिनिटं! तीही रेकॉर्डवर, वेल्क्रोच्या नऊवारीत. ढोलकीवाला बोलवा म्हटलं की बजेट नसतं.

कमिटीतला_एक: हॉलचं भाडं ठाऊक आहे का? वर्गणी भरायची नाही, वर ढोलकी पाहिजे!

तबलजी: वर्गणी भरली आहे. पावती दाखवू? डीजेला पैसे कुठून येतात ते सांगा आधी.

कमिटीतला_एक: डीजे माझा भाचा आहे, फुकट येतो.

तबलजी: वाजवतोही तसाच.

माहेरवाशीण: भांडण झालं असेल तर बोलू? शाळेत असताना मी लिंडी हॉप करायचे. जोडीने करायचा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये वाढलेला नाच, जिथे १९२६ पासून गोरे-काळे एकाच फ्लोअरवर नाचायचे. माझा पार्टनर काळा होता. पहिल्यांदा हवेत उचललं तेव्हा मी घाबरून त्याचे केस धरले होते. आईने हेच केलं, क्लास बंद. पुढे तो टेक्सासला कॉलेजला गेला आणि आपोआप संपलं. आई आजही म्हणते, "बघ, मी म्हटलं होतं." पण त्यानंतर मी घरी कुणाबद्दल चकार शब्द काढला नाही. थेट लग्न ठरल्यावरच सांगितलं. सुमनताई, हा हिशेबही धरा.

सडेतोड_सुमन: म्हणजे संपलंच ना शेवटी? मुद्दा माझाच निघाला.

माहेरवाशीण: हो, जिंकलात. अभिनंदन.

एडिसनकर: आणि जोश्यांच्या मुलाचं उत्तर राहिलंच.

सडेतोड_सुमन: रंगाचा विचार डोक्यात आलाच नाही असं म्हणत नाही. नातेवाईक काय म्हणतील हेही आलं. झालं समाधान? शनिवारी शाळेचा शो आहे. एवढाच करू देते. मी स्वतः जाणार आहे, पहिल्या रांगेत.

तबलजी: शिट्टी वाजवू नका म्हणजे मिळवली.

कमिटीतला_एक: वीस मिनिटं देतो लावणीला. ढोलकीवाला तुम्ही आणायचा, मानधनही तुम्हीच द्यायचं. उद्यापर्यंत नाव कळवा.