संवाद घुमतायत? ट्रेबल नको, आधी २०० हर्ट्झ बघा

संवाद दबल्यासारखे येतात म्हणून होम थिएटरच्या सेंटरचा (संवाद वाजवणारा मधला स्पीकर) ट्रेबल, म्हणजे वरचे तीक्ष्ण स्वर, ५ डीबी (डेसिबल) वाढवला आणि आता 'स', 'श' कानाला टोचतात, असं तुम्ही म्हणताय. ट्रेबल आधी परत शून्यावर आणा. सेंटर टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला आहे ना? खरी गोम तिथेच आहे. कप्प्यात १०० ते २५० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या जाड स्वरांचा, पट्टा फुगतो आणि पुरुषाचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. माझ्याकडेही अगदी हेच होत होतं. स्पीकर फळीच्या पुढच्या कडेपर्यंत ओढला, पुढच्या बाजूला खाली रबराचे दोन तुकडे सरकवून तोंड कानाच्या दिशेने वर केलं, निम्मं काम तिथेच झालं. मग इक्वलायझरवर २०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा ३ डीबी खाली आणि २ ते ४ किलोहर्ट्झ जेमतेम १ डीबी वर. व्यंजनं तिथेच सुटी होतात.

एक लक्षात ठेवा, तुमच्या डेनॉन रिसीव्हरवर ऑडिसी (खोलीप्रमाणे आवाज आपोआप जुळवणारी सोय) चालू असताना ग्राफिक इक्वलायझर (प्रत्येक पट्टा हाताने कमी-जास्त करायची सोय) लागत नाही. ऑडिसी बंद करून हाताने बदल करणार असाल तर आधी 'कर्व्ह कॉपी' वापरून ऑडिसीने केलेली दुरुस्ती इक्वलायझरमध्ये उतरवून घ्या आणि त्यावर काम करा. ऐकताना बातम्या लावा, गाण्यावर हा फरक पटकन कळत नाही.