विजेने उजळणारा द्रव : ‘चमकणारा’ म्हणावं का?

प्रश्न : एक विज्ञानलेख मराठीत आणतोय. वीज सोडली की प्रकाश देणारे द्रव हा त्याचा विषय. पहिल्या खर्ड्यात ‘चमकणारे द्रव’ लिहिलं, पण खटकतंय. ‘दिपणारे’ चालेल का? दीप्तीच्या जवळचं वाटतं. आणि पडद्यांमधले द्रवस्फटिक ते हेच ना?

उत्तर : नाही, द्रवस्फटिक वेगळे. १८८८ साली राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात आढळले. वीज लावली की त्यांचे रेणू दिशा बदलतात आणि मागच्या दिव्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. स्वतःचा उजेड त्यांना नाही. चंद्राला परप्रकाशी म्हणतो ना, तीच गत. तुमचे द्रव स्वयंप्रकाशी आहेत, आणि हा जुना, सगळ्यांना कळणारा शब्द लेखात एकदा तरी यायलाच हवा.

‘दिपणारे’ मात्र मुळीच नको. मराठीत दिपतात ते डोळे. धातू एकच असला तरी अर्थ केव्हाच दुसरीकडे गेलाय.

‘चमकणे’ का खटकतं? घासलेलं भांडं चमकतं तेव्हा उजेड बाहेरचा असतो. वीज चमकते, काजवा चमकतो, तिथे उजेड स्वतःचा, पण क्षणाचा. चकाकणे, लकाकणे हे तर पृष्ठभागाचे शब्द. आतून येणाऱ्या, टिकून राहणाऱ्या उजेडाला ‘उजळणे’ बरोबर बसतं.

प्रश्न : मग शास्त्रीय नाव ‘विद्युत्दीप्ती’ करू?

उत्तर : संधी नीट केला तर ‘विद्युद्दीप्ती’ होतं, वाचताना जीभ अडखळते. मी ‘विद्युत-दीप्ती’ असं जोडरेघ देऊन लिहितो. पण माझा खरा आक्षेप अर्थाला आहे. विद्युत-दीप्ती म्हणजे विजेचं थेट प्रकाशात रूपांतर. १९०७ साली राउंड या अभियंत्यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकात पाहिली ती ही, आणि आजचे एलईडी त्याच घराण्यातले. द्रावणात बहुतेकदा तसं होत नाही. तिथे वीज फक्त रासायनिक अभिक्रिया घडवून आणते, आणि प्रकाश त्या अभिक्रियेतून येतो. म्हणून नावात ‘रसायन’ हवंच : विद्युत-रसायनदीप्ती. लांबलचक आहे, मान्य, पण खोटं नाही.

मी हे ल्युमिनॉल या रसायनाच्या द्रावणात पाहिलंय, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतोय. अल्कधर्मी द्रावण, त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, दोन विद्युत अग्रं. दिवे मालवले, डोळे अंधाराला सरावले आणि प्रवाह सुरू केला. सगळं भांडं उजळेल अशी माझी समजूत होती. उजळला तो फक्त धनाग्राला, म्हणजे धन बाजूच्या अग्राला, बिलगलेला निळा पातळ थर. द्रावण हळूच ढवळलं तर त्या निळ्याची एक वळवळती रेघ सुटली आणि विरली. हार्वी या शास्त्रज्ञांनी १९२९ साली विद्युत अपघटन (विजेने द्रावणाचं विघटन) करताना असाच प्रकाश नोंदवला होता. त्या दिवसापासून ‘द्रव उजळतो’ लिहितानाही मी थांबतो. उजळतो तो अग्राजवळचा द्रव.

प्रश्न : रंग निळाच असतो का?

उत्तर : नाही, तो रेणूवर ठरतो. रुथेनियमचं एक संयुग नारिंगी-तांबडा प्रकाश देतं. थायरॉइडसारख्या रक्तचाचण्यांच्या काही यंत्रांत तोच प्रकाश मोजतात. आणि मी मघाशी ‘बहुतेकदा’ म्हटलं ते मुद्दाम. प्रकाश देणारा थरच द्रवरूप असलेला सेंद्रिय (कार्बनी संयुगांचा) एलईडी २००९ साली जपानमध्ये करून दाखवला गेला. त्याला विद्युत-दीप्तीच म्हणावं लागेल. लेखात कुठला प्रकार आहे ते आधी बघा, नाव मग ठरवा.

प्रश्न : ल्युमिनॉलच आहे. वाक्य असं केलंय : ‘द्रावणातून वीज गेली की ते निळं उजळतं.’

उत्तर : ‘वीज गेली’ काढा! मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा अंधारच येईल. ‘द्रावणात वीजप्रवाह सोडला की धनाग्राजवळ निळा उजेड पसरतो.’

प्रश्न : ‘पसरतो’ की ‘धरतो’? पातळ थर म्हणालात म्हणून विचारतोय.

उत्तर : ‘धनाग्रावर निळ्या उजेडाचा थर धरतो.’ तुमचंच घ्या, माझ्यापेक्षा नेमकं आहे.