मदत हवी आहे: घडी होणारा ३०० लिटरचा पाण्याचा ड्रम, भिंत आणि तळ कसा करावा?

नमस्कार मंडळी,

लातुरात आमचं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. ट्रॉलीवर टाकायची, सोयाबीनची बनीम झाकायची, मंडपाची, सगळी कामं होतात. हल्ली गिऱ्हाईक एक वेगळीच वस्तू मागतंय: पाणी संपलं की घडी घालून ठेवता येईल असा ड्रम.

मागणी का आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत ज्याला जमेल त्यानं दोनशे लिटरचे निळे ड्रम घेतले. ते अजून घराघरात उभे आहेत. मांजरा धरण भरलं, नळ बरा यायला लागला, तरी ड्रम काही हलत नाहीत. रिकामा ड्रम भरलेल्याइतकीच जागा खातो, ही खरी बोंब. त्यात एक खोली ‘नीट’ परीक्षेच्या पोरांना भाड्यानं दिलेली असली की तीन ड्रम म्हणजे घरातल्या एका माणसाचं अंथरूण गेलं. परवा एक मावशी दुकानात येऊन म्हणाल्या, "दादा, चार महिने पाणी भरायचं आन् बाकीचे महिने माळ्यावर टाकायचं, असं काही शिवून द्या बघा."

साच्यातून प्लॅस्टिक ओतून घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, साच्याचा खर्चच लाखांत जातो. बाजारात घडीचे सिलिकॉनचे डबे मिळतात, पण ते डाळ-भाजीपुरते. म्हणून पीव्हीसीचा थर दिलेलं जाड कापड वापरायचं डोक्यात आहे. माप साधारण ७० सेंटिमीटर व्यास आणि ८० सेंटिमीटर उंची, म्हणजे ३०० लिटरच्या थोडं वर.

अडतंय ते असं. गिऱ्हाइकाला चौकोनी हवा, कोपऱ्यात चपखल बसतो म्हणून. पण चौकोनी नमुन्यात पाणी भरलं की चारी बाजू पोटासारख्या फुगतात. आतून लोखंडी चौकट द्यावी तर घडी होत नाही आणि गंजही चढतो. दुसरं, आमच्याकडे शिलाई मशीन आहे, पण सुईचं प्रत्येक भोक झिरपतं. वरून सोल्युशन लावून पट्टी चिकटवली तर तळाच्या जोडापाशी ती सुटते. तोटी कुठे आणि कशी बसवावी हाही प्रश्न आहेच. आणि जमलं तर यातच ज्वारी ठेवता यावी, असं घरच्यांचं म्हणणं.

कुणी असं काम केलं असेल तर सविस्तर सांगा. फोटोत दिसतं ते कळतं, आतलं कळत नाही.

प्रतिसाद १

चौकोनी सोडून द्या. ८० सेंटिमीटर पाण्याचा तळाशी दाब दर चौरस सेंटिमीटरला ८० ग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्याच पाण्याच्या चौकोनी ड्रमची एक बाजू ६२ सेंटिमीटर धरली तर त्या एका बाजूवर एकूण रेटा जवळपास २०० किलो येतो. सपाट कापड असा रेटा झेलूच शकत नाही. ते आधी फुगतं आणि मगच ताण घेतं. गोल ड्रममध्ये हिशेब सरळ आहे: दाब गुणिले त्रिज्या. ८० ग्रॅम गुणिले ३५, म्हणजे तळाशी कापडाच्या दर सेंटिमीटर रुंदीला २.८ किलो ताण. वर जाल तसा तो कमी होत जातो. चांगलं कापड हे सहज पेलतं. कणगी गोल का विणतात ते उगाच नाही.

गोल ठेवलात की चौकटीची गरजच उरत नाही. भरल्यावर पाणीच ड्रमला गोल ठेवतं. आधार लागतो तो रिकामा असताना भिंत खाली पडू नये एवढ्यापुरता. बाहेरून सहा उभे कप्पे लावा आणि त्यात अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे सरकवा. पाइप काढले की ड्रम चपातीसारखा बसतो. कप्पे भिंतीवर शिवू नका, वेल्ड करा, म्हणजे गरम करून दाबून जोडा.

जोडाचं म्हणाल तर आपल्याकडे शेततळ्याचा कागद जोडणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे जाऊन बघा. ते दोन कडा गरम करून दाबतात, सुई कुठेच नाही. फक्त त्यांचा कागद पॉलिथिनचा असतो आणि तुमचं कापड पीव्हीसीचं. ही दोन एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे त्यांच्या कागदाचा तुकडा आणून ठिगळ लावायला जाऊ नका. गरम हवेची गन आणि हातातला रोलर तुम्हाला पुरेल. तळाचा गोल भिंतीला थेट काटकोनात जोडू नका. त्याची कड चारेक सेंटिमीटर वर वळवून भिंतीवर चढवा आणि आतून आणखी एक पट्टी द्या. जोड तिथेच सुटतो, कारण तिथे ताण कापडाला ओढत नाही, सोलतो.

तोटी तळापासून दोन बोटं वर, टाकीला लावतात तसं कनेक्शन, दोन्हीकडून रबरी वॉशर, आणि त्या जागी कापडाचे आणखी दोन थर. ड्रम सपाट फरशीवरच ठेवायला सांगा. स्टुलावर ठेवला तर तळाचं कापड मधल्या फटीतून खाली लोंबतं.

प्रतिसाद २

मुळात घडीच कशाला? वर रुंद, खाली निमुळते टब एकात एक बसतात. चार टबांना एका टबाची जागा.

धागाकर्ता

दादा, ते शंभर लिटरपर्यंत ठीक आहे. पण तीनशे लिटरचा निमुळता टब वर एवढा रुंद होतो की खोलीत माणसाला आडवं जाता येत नाही. आणि एकात एक बसवले तरी एका टबाची जागा गेलीच की. माळ्यावर तो चढत नाही.

प्रतिसाद ३

मी आरोग्य विभागात आहे. साठवलेलं पाणी आलं की आमचा जीव वर येतो. डेंग्यूचा डास ड्रमच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, अंडी चिकटवतो. भिंत सुकली तरी ती अंडी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. आम्ही आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतो, तो तुमच्या ड्रममुळे सोपा होईल हे खरं. पण घडीच्या सुरकुत्यांत ही अंडी बसली तर ड्रम तुम्ही गुंडाळून जपून ठेवाल आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच पुन्हा पाण्यात जातील. त्यामुळे घडी घालण्याआधी आतून ब्रशनं घासायचं, हे ड्रमवरच मोठ्या अक्षरात छापा. आत हात खांद्यापर्यंत पोचेल एवढं तोंड ठेवा. झाकण वेगळं देऊ नका, हरवतं. चेननं (झिपनं) जोडलेलं द्या.

पिण्याचं पाणी असेल तर नुसत्या पीव्हीसी कापडात नको, ते मऊ करायला त्यात रसायनं घातलेली असतात. आत पॉलिथिनची पिशवी द्या, खाण्या-पिण्याच्या संपर्कासाठीच्या आयएस १०१४६ मानकातली, आणि ती बदलता येईल अशी. रंग गडद ठेवा, उजेड आत गेला की शेवाळ धरतं.

ज्वारीचा नाद यात करू नका. पाण्याला केलेल्या ड्रममध्ये ओल पूर्ण जात नाही, आणि बंद भांड्यात धान्य ठेवायचं तर त्याची ओल १२ टक्क्यांच्या आसपास हवी.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ज्वारीचं घरी सांगितलं, तोंडं वाकडी झाली, पण चालेल. गोलच करतो. पिशवी तोंडाच्या काठावर उलटून दोरीनं बांधायची म्हणतो, म्हणजे बदलायला सोपी.

एक राहिलं: गरम हवेनं जोड पक्का झाला की नाही हे पाणी भरायच्या आधी कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

पाच सेंटिमीटर रुंद दोन पट्ट्या जोडा, गार होऊ द्या, आणि पक्कडीनं दोन्ही टोकं उलट्या दिशेला सोला. जोड स्वच्छ उघडला तर कच्चा. कापडावरचा पीव्हीसीचा थर सोलून आतला धागा दिसला तर पक्का. गनचं तापमान, वेग आणि हाताचा दाब त्या पट्टीवर पेननं लिहून ठेवा. कापडाचा रोल बदलला की पुन्हा नवी पट्टी जोडून बघा, प्रत्येक रोल सारखा तापत नाही.